एका कापडावर एकदाच

आधी मुताचं बोलून घेते, कारण पुस्तकात ते कुठे सापडत नाही.

लाखलन मास्तरच्या पुस्तकात लिहिलंय की ग्रियानसे बेटावरच्या बायका मागावरून उतरलेलं कापड "परंपरागत द्रावणात" भिजवून घट्ट करतात. द्रावण कसलं डोंबलाचं, मूत. घरादाराचं मूत, दाराआडच्या पिपात साठवलेलं, मुरलेलं, झाकण काढलं की मेलेल्यालाही शिंक येईल असं. त्याने लोकरीतलं तेल सुटतं आणि रंग पक्का बसतो. या बेटावर ज्याच्या अंगावर लोकर आहे तो शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मुतातून निघालेला आहे. पाद्रीबाबांची विजारसुद्धा. मास्तरचा बाप जन्मभर तेच ल्याला. लेकाला मात्र लिहायची लाज वाटली.

मी त्याला इथे अहोजाहो करणार नाही. तोंडावर करते तेवढं पुष्कळ झालं.

शाळेत आम्ही आमच्या गेलिक भाषेत तोंड उघडलं की हा छडी काढायचा. इंग्रजीच बोला. 'बाहेर जाऊ का' हे मला इंग्रजीत विचारता येईना, म्हणून मी बाकावरच मुतले. ते पिपात धरलं असतं तर निदान कामी तरी आलं असतं. पुढे हा निवृत्त झाला. शहरातल्या शहाण्यांना आता ही भाषा सोन्यासारखी वाटते असं त्याच्या कानावर आलं, आणि ज्या तोंडांवर त्याने मारलं त्याच तोंडांतली गाणी गोळा करून त्याने पुस्तक छापलं. गाणी धुतली, विंचरली, भांग पाडला, आणि मगच छापली.

त्यात माझ्या बेहाक आत्याचं गाणं होतं. खाली बारीक अक्षरात: कर्ता अज्ञात, बहुधा एखादा कोळी.

अज्ञात! बाई रोज त्याच्या दारावरून गाय घेऊन जाते.

ते गाणं कुणी केलं आणि कुणावर केलं हे इथल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे. लाखलन विशीत होता तेव्हा आत्याशी त्याचं ठरलं होतं. त्याला शिकायला ग्लासगोला जायचं होतं आणि पायात घालायला काही नव्हतं. आमचे आजोबा त्याच हिवाळ्यात बुडाले होते. त्यांचे प्रार्थनेला जायचे चांगले बूट घरात होते. आत्याने ते लाखलनला दिले. शिकून, मास्तर होऊन तो परत आला तो पिसाची टोपी घातलेली बायको घेऊन, आणि पायात दुसरेच बूट. आत्याने डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. तिने गाणं केलं आणि पुढचंच ओलं कापड फळीवर बडवताना, सगळ्या बायकांत बसून, ठणकावून म्हटलं.

आमच्याकडे असल्या गाण्याच्या शेवटी करणाऱ्याच्या नावाचं कडवं असतं. कुणी विचारलं तर सांगा, हे अमकीने केलं. मास्तरने तेच कडवं उडवलं. स्वतःला उडवून तिथे कुणी शूर सरदार बसवला. बुटांची तलवार केली. झालं, वीरगीत तयार.

आत्याला पुस्तकाचं काही वाटलं नाही, निदान तसं ती म्हणायची. "कागदच तो. त्याच्यात मासे बांधता येतात." पण त्या वसंतात तिच्या घशात गाठ निघाली. मोठ्या बेटावरचा डॉक्टर म्हणाला, ओबानच्या इस्पितळात जाऊन कापून घ्या, उशीर नको.

"आवाज राहील?" आत्याने विचारलं.

"जीव राहील."

"जीव राहून काय करू? लोकांना शिव्या कुणी द्यायच्या? ही?" आणि माझ्याकडे बोट. "हिला तर धड शिवीसुद्धा हासडता येत नाही."

ओबानची बोट गुरुवारी होती.

आणि त्याच आठवड्यात गॅविन पेटिग्रू आमच्याकडे येऊन थडकला. एडिंबराचा, लांब मानेचा, उन्हाने भाजून शेंदरी झालेला. याच्याकडे आवाज धरून ठेवणारं यंत्र होतं. ते घोडागाडीतून आणलं, गादीवर ठेवून, एखादी बाळंतीण आणावी तसं. आमची भाषा तो पुस्तकातून शिकलेला, त्यामुळे साधं पाणी मागायचं तरी "हे माते, मज तृषा लागली आहे" असं मागायचा. माणूस वाईट नव्हता. उतरला मात्र मास्तरकडे. दुसऱ्या कुणाच्या घरात पाहुण्याला वेगळी खोलीच नाही.

मग मास्तर त्याला कुठे न्यायचं आणि कुठे नाही ते ठरवू लागला. आमच्याकडे आणलं ते एकदाच. आत्या खुर्चीत बसली, हात मांडीवर, समोर ते यंत्र गरगरतंय. पहिली ओळ आली आणि दुसरी येईना. शब्द तिच्या हातांत आहेत. हात ओल्या कापडावर आपटले की ते वर येतात, नाहीतर नाही. आम्हा सगळ्यांचंच तसं आहे.

"वयोमान," मास्तर हळहळून म्हणाला. "चला, पुढे जाऊ."

आत्या दारापर्यंत गेली आणि पाठमोऱ्या मास्तरला म्हणाली, "लाखलन, कापड बडवतोय आम्ही. मंगळवारी. मग बघ माझं वयोमान."

ऊना म्हातारीच्या मागावरून एक अख्खा तागा उतरला होता. बेटावर तेवढंच कापड तयार होतं. आत्या मला म्हणाली, "शोनाक, एकदा नावासकट त्या डब्यात गेलं ना गाणं, की मग त्यांना काय कापायचं ते कापू दे." एवढंच मागणं होतं तिचं. माझ्या आत्याने जन्मात कुणाकडे काही मागितलेलं मला आठवत नाही.

आता एक रीत सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. एका कापडावर एक गाणं एकदाच म्हणायचं. तेच गाणं दुसऱ्यांदा उचललं तर ते कापड कफनाचं होतं. जो पहिल्यांदा अंगावर घालेल तो त्यातच जाईल. तुम्ही हसा खुशाल. ऊना म्हातारीच्या भावाचं जाकीट असंच होतं, आणि तो कोरड्या जमिनीवर मेला, जे आमच्यात कुणी करत नाही.

मंगळवारी दुपारी ऊनाच्या कोठारात आम्ही दार बिजागऱ्यांवरून काढून पिपांवर आडवं टाकलं. दोन्ही अंगांना बायका बसल्या, बाह्या खांद्यापर्यंत वर. मास्तरने आदल्या दिवशी निरोप पाठवला होता की पाहुण्यासमोर साबण वापरा. ऊनाने निरोप आणणाऱ्याला पीप उघडून दाखवलं होतं.

या कामात पुरुष नसतो. चुकून आत आला तर बायका त्याला त्याच कापडात गुंडाळून दारातून बाहेर लोटतात, कधी विजारीसकट, कधी विजार ठेवून. गॅविनला यंत्रापाशी बसायची सूट दिली, कारण ऊनाच्या मते तो अजून पुरुषांत धरण्यासारखा झालेला नव्हता.

"बाळा, तू कोपऱ्यात बस. आणि नाकाने श्वास घेऊ नकोस."

"मज आपले आभार मानणे आहे," गॅविन म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. भावनेने नव्हे.

मग मास्तर आला. आला तो थेट आत. मागोमाग त्याची बहीण बारबल. या बारबलला गाण्याच्या स्पर्धेत मेडल मिळालंय. छातीशी हात बांधून, तोंड अंड्याएवढं उघडून गाते. जन्मात तिने कापडाला हात लावलेला नाही.

"लाखलन, तुझं काय काम इथे?" ऊनाने विचारलं.

"पाहुण्यांना समजावून सांगायला कुणीतरी हवं, मावशी."

"बायका कापड बडवतायत. यात काय समजवायचंय?"

पण तो राहिलाच. कोठारात वाफ आणि गरमी. त्याने अंगातला ओव्हरकोट काढून खुंटीला अडकवला. ग्लासगोच्या दुकानातला, काळाभोर, मखमली कॉलरचा, असा कोट आख्ख्या बेटावर एकच होता. हात पाठीमागे बांधून तो उभा राहिला, शाळेत उभा राहायचा तसाच.

आम्ही कापड उचललं. आपट, ढकल, शेजारणीकडे सरकव, सूर्य फिरतो त्याच दिशेने. पहिली दोन गाणी ऊनाने घेतली, हात गरम करायला. यंत्र गरगरत होतं. आत्या माझ्या समोर होती. तिने घसा खाकरला, मला डोळा मारला आणि तोंड उघडलं.

तेवढ्यात बारबल सुरू झाली.

उभ्यानेच, कापडाला हात न लावता, मेडलच्या आवाजात. आत्याचं गाणं. पुस्तकातलं. सरदार, तलवार, सोनेरी केस. आमचे हात चालत होते, चालू गाण्यात थांबवता येत नाहीत, तोही अपशकुन. म्हणून आम्ही धावून धावून पालुपद धरत होतो, आणि प्रत्येक पालुपदाला मला मास्तरचं तोंड दिसत होतं. तो हसत नव्हता. हसला असता तर बरं वाटलं असतं. फळा पुसून झाल्यावर माणूस हात झटकतो तसा दिसत होता.

त्याला रीत माहीत होती. ज्या रीतीची पाहुण्यापुढे तो "भाबड्या समजुती" म्हणून गोष्ट करायचा, तीच त्याने कुलपासारखी घातली होती. गाणं झालं. आता या कापडावर ते पुन्हा होणार नाही. दुसरं कापड नाही. परवा बोट.

"अप्रतिम!" गॅविन म्हणाला. "हे गीत कोणी रचिले?"

"अज्ञात," मास्तर म्हणाला.

आत्याचे हात कापडावर तसेच पडून होते. तिने ऊनाकडे पाहिलं. ऊनाने मान हलवली, नाही. "बेहाक, कापड माझ्या नातीच्या लग्नाचं आहे ग. नाही जमायचं."

"मी कुठे म्हणाले?" आत्या म्हणाली. आवाज घोगरा आला. "तुझ्या नातीला मारून गाणं म्हणणारी नाही मी."

मास्तर हलकेच म्हणाला, "बेहाक, जुनं झालं सगळं. कशाला उकरायचं? गाणं टिकलं ना. नावात काय असतं?"

माझं डोकं तिथे फिरलं. नावात काय असतं, हे त्याने म्हणावं, ज्याच्या पुस्तकावर त्याचं नाव माझ्या तळहाताएवढं आहे. मी उठले. हात कोपरापर्यंत मुताने थबथबलेले. खुंटीवरून मास्तरचा कोट काढला.

"शोनाक!" मास्तर ओरडला. "तो कोट खाली ठेव!"

"ठेवते की," मी म्हटलं, आणि ठेवला. पिपात. दोन्ही हातांनी तळापर्यंत दाबला. मखमली कॉलर एकदा वर आली, बुडणाऱ्या मांजरासारखी, मग तीही गेली.

बारबल किंचाळली. तो तिचा त्या दिवसातला पहिला खरा सूर होता.

मी कोट बाहेर काढला, निथळता, आणि पिपांवरच्या दारावर टाकला. "मावशी," मी ऊनाला विचारलं, "हे कापड आहे की नाही?"

ऊना म्हातारी अशा बाबतीत पाद्रीबाबांनाही जुमानत नाही. तिने सगळ्यांना गप्प केलं. कोटाची बाही उचलली, वास घेतला, चुरगळून पाहिली. मग मधल्या बोटाने बाही मोजू लागली, तागा मोजतात तशी, मनगटापासून खांद्यापर्यंत, ओठ हलवत. मास्तर तिला काहीतरी सांगायला गेला.

"गप रे, मोजणी चुकेल."

मोजून झालं. "लोकर आहे," ऊना म्हणाली. "ओली आहे. फळीवर आहे. याच्यावर अजून एकही गाणं झालेलं नाही." तिने घागऱ्याला हात पुसले. "कापड आहे."

"हा मूर्खपणा आहे! मिस्टर पेटिग्रू, यंत्र बंद करा. या बायका..."

"आणि हा पुरुष आत उभा आहे," कुणीतरी मागून म्हणालं. "विजारही लोकरीचीच दिसते ग."

सगळ्या बायकांनी एकदमच त्याच्या विजारीकडे पाहिलं. मास्तर दोन पावलं मागे सरकला ते भिंतीला टेकला.

गॅविनचा हात यंत्राच्या खिट्टीवर होता. त्याने मास्तरकडे पाहिलं, ज्याच्या घरात तो झोपत होता, ज्याचं अंडं-डुकराचं मांस रोज खात होता. मग आत्याकडे पाहिलं. हात खिट्टीवरून काढून त्याने मांडीखाली घातला, लहान मूल बसतं तसा. यंत्र गरगरत राहिलं.

आत्याने कोटाची एक बाही धरली, मी दुसरी. आपट.

*लाखलना रे, बूट माझ्या बापाचे,*
*हो रो हू ओ, हिरी ओ,*
*बाप समुद्राने नेला, बूट नेलेस तू,*
*हो रो हू ओ, हिरी ओ.*
*लाटेने बाप परत दिला,*
*तू बूट नाही दिलेस.*

आवाज फाटत होता. गाठीवरून घासून येत होता, खडकावरून नाव ओढावी तसा. मी तिचा आवाज जन्मभर ऐकला, पण असा नाही. आम्ही पालुपद इतकं जोरात धरलं की छपरावरून धूळ पडली. गायीला भिऊन लाखलन चिखलात पडला ते कडवं आलं, बायकांनी कोट असा आपटला की एक बटण उडून गॅविनच्या कपाळाला लागलं. टोपीवालीचं कडवं आलं. मग तिने दम घेतला. मला वाटलं, संपला आवाज. ऊनाने पालुपद एकदा जास्तीचं फिरवलं, तिला वेळ मिळावा म्हणून, आणि आम्ही सगळ्या ते फिरवत राहिलो, आपटत राहिलो, तिच्याकडे न पाहता.

*कुणी विचारलं गाणं कुणाचं,*
*हो रो हू ओ, हिरी ओ,*
*सांगा, बेहाक, इयनची लेक,*
*हो रो हू ओ, हिरी ओ,*
*शेणात पाय, मातीत हात,*
*जिचा बाप अनवाणी पुरला.*

मास्तर कधी बाहेर गेला ते मी पाहिलं नाही. बारबल मात्र तिथेच होती. शेवटच्या कडव्याला तिचे ओठ हलत होते. तिला ते कडवं पाठ होतं. पाठ होतं, म्हणजे सगळी वर्षं पाठच होतं. याचा राग मला अजून जात नाही.

कोट आम्ही धुतला, वाळवला, नीट घडी करून मास्तरच्या दाराशी ठेवला. चोरी आमच्यात होत नाही. आटून तो ऊनाच्या नातवाला बसला असता.

गुरुवारी धक्क्यावर सगळं गाव होतं. गॅविनही त्याच बोटीने चालला होता. खोकी, यंत्र, आणि रिळं ठेवलेला तो पत्र्याचा डबा. मास्तर साध्या जाकिटात कुडकुडत आला. आत्याकडे त्याने पाहिलं नाही. गॅविनला बाजूला घेतलं, पण आमच्या धक्क्यावर बाजू अशी नसतेच, सगळ्यांना सगळं ऐकू येतं.

"एक रीळ माझ्याकडे राहू द्या. तपासायला हवं. त्यात काही अशुद्ध पाठ गेलाय. मी नंतर पोस्टाने पाठवतो."

गॅविन चाचरला. तो संकोची माणूस, आणि यजमानाला नाही म्हणायचं कुठल्या पुस्तकात शिकवत नाहीत. "जर... जर आपणांस तसे वाटत असेल..." तो डब्याकडे वळला.

डब्यावर बेहाक आत्या बसली होती. काळी शाल, मांडीवर गाठोडं, पाय फाकवून, घागरा चहूबाजूंनी पसरून. डबा दिसतसुद्धा नव्हता.

"ऊठ, बेहाक," मास्तर म्हणाला.

त्या दिवशी तिला फार बोलवत नव्हतं. जे बोलली ते घोगरं आणि सावकाश, पण सगळ्या धक्क्याला गेलं.

"उठव."

मास्तर उभा. लोक उभे. बोटीचा भोंगा वाजला. चाळीस वर्षांपूर्वी ज्या बाईच्या बापाचे बूट घालून हा माणूस याच धक्क्यावरून गेला, तिच्या बुडाखालून डबा काढायला तो आता हात घालणार होता की काय, हे बघायला पाद्रीबाबासुद्धा टाचा उंचावून उभे होते.

त्याने हात घातला नाही.

मग दोघा खलाशांनी आत्याला डब्यासकट उचललं. ती उठलीच नाही. तशीच, सिंहासनावर बसल्यासारखी, फळीवरून बोटीत गेली. मागोमाग गॅविन, कपाळावर बटणाचा लाल वण घेऊन. तो मला म्हणाला, "मज एक गोष्ट विचारणे आहे. नाव कसे लिहावे? केवळ बेहाक?"

"बेहाक, इयनची लेक," मी म्हटलं. "आणि बूट लिहायला विसरू नकोस."

ओबानपर्यंत ती डब्यावरून उतरली नाही, असं खलाशी सांगतात. लघवीलाही नाही. आमच्याकडच्या बायकांना साठवायची सवय असते.